खेळाडूंचे सत्कार, प्रभागाच्या हद्दी आणि आपली मैदानं

गोदाकाठचा

कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर आमची एक टोळी असते, चालणं कमी आणि वाद जास्त. या आठवड्यात वाद पेटला तो असा की एक काका म्हणाले महापालिकेने पदकं आणणाऱ्या पोरापोरींचे महासभेत सत्कार केले पाहिजेत, नुसता अभिनंदनाचा ठराव वाचून पुढे सरकायचं नाही, बोलवा त्यांना, सभागृहात उभं करा. दुसरे लगेच म्हणाले सत्कार राहू द्या, २०२७ च्या जनगणनेनंतर प्रभागांच्या हद्दी परत हलणारेत, त्यावर सभागृहात आत्तापासून चर्चा हवी. मग अर्धा तास हे का ते.

मला वाटतं हे दोन विषय एकच आहेत. सत्कार कुणाचाही करता येतो, त्याला हद्द आडवी येत नाही. पण ज्या मैदानावर पुढची पोरं तयार होणार ते कुणाच्या प्रभागात, त्याची विचारपूस कुणी करायची, हे हद्दीवर ठरतं. रस्त्याच्या अलीकडे एक प्रभाग, पलीकडे दुसरा, मैदान मधोमध, आणि पोरं दोन्हीकडची. मग कुणाच्या दारात जायचं?

इथल्या नाशिककरांना काय वाटतं? (नाशिकबाहेरच्यांनीही लिहा, पण पुणे विरुद्ध नाशिक सुरू करू नका, हात जोडतो.)

तर्री_कमी

सत्काराचं म्हणाल तर शाल श्रीफळ आणि फोटो. फोटोत खेळाडू कडेला आणि मध्ये कोण ते सांगायला नको.

जेलरोडकर

+१ तर्री भाऊ. पण सरसकट नको. लहान वयात सभागृहात चारशे डोळे तुझ्याकडे बघतायत आणि टाळ्या वाजवतायत याचा परिणाम होतो हो. आमच्या भावकीतल्या एका पोरीला शाळेने नुसतं स्टेजवर बोलवलं होतं, ती अजून सांगते.

धावती_आजी

मी वय वर्षं बासष्ट, आजी हे नाव नातवाने ठेवलंय. थोडं सविस्तर लिहिते कारण धावण्याचा विषय निघाला की मला राहवत नाही.

कविता राऊत कुठली? त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात सिल्व्हर, २०१२ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओत मॅरेथॉन. आपण सगळे तिला नाशिकची म्हणतो आणि म्हणायलाच पाहिजे, पण महापालिकेच्या हद्दीत तिचं गाव येत नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला मुलगा, लष्करात गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि चार वर्षांत रिओत सिंगल स्कल्समध्ये तेरावा, २०१८ च्या आशियाडला चौघांच्या बोटीत गोल्ड. तोही शहराच्या हद्दीबाहेरचा. म्हणजे ज्यांच्या नावावर आपण छाती फुगवतो त्यातले बरेच जण इथले मतदारच नाहीत.

आणि कविता घडली कुठे तर भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर, विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली. धावपटू संजीवनी जाधव पण सरांचीच. ते मैदान संस्थेचं आहे, महापालिकेचं नाही. सकाळी साडेपाचला तिथे पोरं पळताना ज्यांनी पाहिलीत त्यांना मी काय म्हणते ते कळेल, खेड्यातून आलेली, कुणाच्या तरी खोलीत चौघं मिळून राहणारी. त्यांच्याकडे इथलं मतदान कार्ड नसतं, त्यामुळे कुठल्याच प्रभागाच्या हिशोबात ती बसत नाहीत. तेव्हा गोदाकाठचा, तुमचा मुद्दा अर्धाच आहे. हद्द कशीही आखा, ही पोरं हद्दीच्या बाहेरच.

सहावी_स्कीम

आजी कडक प्रतिसाद 🙏

विदर्भी_वाघीण

आणि बुद्धिबळातला विदित गुजराथी? तो तर शहरातलाच ना. २०२३ ला ग्रँड स्विस जिंकला, टोरांटोला कँडिडेट्स खेळला, २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये टीम गोल्ड.

तर्री_कमी

विदितचं बरंय, बुद्धिबळाला मैदान लागत नाही. पालिकेचा लाडका खेळ व्हायला हवा होता खरं तर, खर्च शून्य.

नकाशेवाला

नोकरीत असताना हद्दींच्या कामाशी जवळून संबंध आलाय म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

पहिली गोष्ट, महासभेत प्रभागरचनेवर कितीही घसा कोरडा केला तरी महासभा हद्दी ठरवत नाही. प्रारूप आराखडा आयुक्तांच्या पातळीवर तयार होतो, तो राज्य सरकार आणि निवडणूक आयोगाच्या पायऱ्या चढतो, मग प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती सूचना मागवतात, सुनावणी होते, आणि अंतिम. नगरसेवक सभागृहात ओरडतो ते वर्तमानपत्रासाठी. त्याला खरंच काही बदलायचं असेल तर त्यालाही तुमच्याआमच्यासारखी लेखी हरकतच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, हद्द आखायचे नियम. लोकसंख्या हा मुख्य हिशोब. २०११ ची नाशिकची लोकसंख्या १४,८६,०५३. नगरसेवक १२२. भागाकार केला की एका जागेमागे साधारण १२,१८० माणसं, आणि चार जणांच्या प्रभागाला ४८,७०० च्या आसपास. त्यात दहा टक्के कमी जास्त चालतं. क्रमांक द्यायला उत्तरेकडून सुरुवात करायची, शेवट दक्षिणेला. नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता हे शक्यतो ओलांडायचं नाही. जनगणनेचा प्रगणक गट (एक प्रगणक मोजतो तेवढी वस्ती) शक्यतो फोडायचा नाही. बास. यात मैदान, शाळा, बाजार कुणाच्या वाट्याला हा निकष मुख्य नाही. आणि मोठा रस्ता हीच हद्द धरायची म्हटल्यावर, मैदानं तर मोठ्या रस्त्याला लागूनच असतात, ती कडेलाच जाणार.

२०१७ ला ३१ प्रभाग होते, २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. २०२६ ला आकडे तेच राहिले. आणि दोन्ही वेळेला लोकसंख्या कुठली? २०११ ची. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव हे सगळं २०११ नंतर किती फुगलंय ते डोळ्यांनी बघा. कागदावर ते अजून जुन्याच आकड्यात मोजले जातात. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्याचे आकडे आले की जुन्या गावठाणातल्या जागा कमी आणि कडेच्या भागातल्या जास्त होणार, एवढं नक्की.

गोदाकाठचा

नकाशेवाला काका, म्हणजे सभागृहातली चर्चा फुकटच?

नकाशेवाला

फुकट म्हणणार नाही. रेकॉर्डवर येते. पण निर्णय तिथे होत नाही.

सहावी_स्कीम

मला हद्दीपेक्षा चार नगरसेवकांचा त्रास जास्त वाटतो. अ ब क ड. मैदानाला कुंपण पाहिजे म्हणून अ कडे गेलं की तो म्हणतो ते ब बघतात, ब म्हणतो माझा भाग पलीकडचा, क चा फोन लागत नाही आणि ड दुसऱ्या पक्षाचा असतो त्यामुळे आधीचे तिघं त्याला बोलावत नाहीत. (हे कुठल्याही चार सदस्यांच्या शहरात असंच असतं, पिंपरीतला मेहुणा पण हेच सांगतो.) मुंबईत बघा, एक वॉर्ड एक माणूस, शिव्या कुणाला द्यायच्या ते पक्कं.

जेलरोडकर

आपल्याकडे पण होतं की. २००२ ला तीन जणांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. आणि त्यानंतरची गंमत तर विचारूच नका, २०१९ च्या शेवटी कायदा केला एक सदस्याचा, २०२१ ला बदलून तीन सदस्यांचा, त्यात नाशिकच्या जागा १२२ च्या १३३ केल्या, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकार बदलल्यावर परत २०१७ सारखं चार. एकाच निवडणुकीसाठी तीन वेळा गणित मोडलं. तोवर मार्च २०२२ ला मुदत संपलेली, प्रशासक बसलेले. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दम भरला तेव्हा कुठे हललं आणि मतदान १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नाही.

तर्री_कमी

त्या चार वर्षांत फरक काय पडला हे प्रामाणिकपणे सांगा 😀

आडगावची_सून

फरक पडला तर्री भाऊ. नगरसेवक नावडता असला तरी दारात उभं राहता येतं, प्रशासकाच्या दारात आधी चिठ्ठी पाठवावी लागते. पण चार सदस्य पद्धतीची बाजू पण कुणीतरी मांडा, मीच मांडते. निम्म्या जागा बायकांना आहेत. एक सदस्य पद्धतीत सोडतीत जागा महिला राखीव निघाली की जुना माणूस बायकोला उभं करतो किंवा रुसून बसतो, आणि पुढच्या वेळी सोडत बदलली की ती बाई घरी. चौघांच्या प्रभागात निदान दोन बायका असतातच, सलग. आमच्याकडे मुलींसाठी कबड्डीच्या मॅटचा विषय काढला तो एका बाईनेच, मी स्वतः ऐकलंय. गावातून शहरात आलेल्या भागाचं वेगळंच असतं, आमच्याकडे अजून लोक पत्ता सांगताना मळ्याचं नाव सांगतात, प्रभाग क्रमांक कुणाला पाठ नाही.

सहावी_स्कीम

ताई मुद्दा मान्य. तरी कुणाला धरायचं हा प्रश्न उरतोच.

पाटाच्या_पाण्यावर

लोकसभा विधानसभेच्या हद्दींचं पण बोला की कुणी. आम्ही मालेगावकर. जिल्हा नाशिक, कलेक्टर नाशिकचे, आणि खासदार धुळ्याचा. २००८ च्या पुनर्रचनेत मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघच पुसला, दिंडोरी नवा काढला, आणि मालेगावचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ आणि बागलाण धुळ्याला जोडले. आजींनी दत्तूचं तळेगाव रोही लिहिलंय, ते चांदवड आज दिंडोरी लोकसभेत. उद्या आमच्या पोराने मेडल आणलं तर सत्काराला कुणी यायचं, धुळ्याच्या खासदाराने का नाशिकच्या पालकमंत्र्याने? दोघं येतील म्हणा, मेडल असलं की सगळे येतात.

नकाशेवाला

मालेगावकरांचं दुःख खरंय. त्याच फेरीत शहरातला एक ‘नाशिक’ विधानसभा मतदारसंघ जाऊन पूर्व, मध्य, पश्चिम झाले, देवळाली होताच. ती आखणी २००१ च्या जनगणनेवर आहे. लोकसभेच्या राज्यवार जागांची संख्या तर १९७१ च्या आकड्यांवर गोठवलेली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. त्यामुळे येत्या काही वर्षांत वरपासून खालपर्यंत सगळ्याच रेषा हलायची शक्यता आहे.

कोच_साहेब

मी एका खाजगी क्लबात मुलांना शिकवतो, नाव लिहीत नाही. बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो.

सत्काराला नावं ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो की गरीब घरच्या पोराला सत्काराचा उपयोग होतो, पण तो कागदाचा. महापालिकेच्या लेटरहेडवर अभिनंदनाचं पत्र असेल तर पोरगा ते फाइलला लावतो, स्पॉन्सरकडे जाताना दाखवतो, कॉलेजला दाखवतो. शाल कुणी वापरत नाही, बुके दुसऱ्या दिवशी सुकतो. म्हणून सत्कार करा, पण शालीच्या पैशात त्या पोराला स्पाइक्स घेऊन द्या. चांगले स्पाइक्स एका सीझनमध्ये झिजतात, हे स्टेजवरच्या कुणालाच माहीत नसतं.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी पोरं घेऊन गेलो होतो, सत्काराचा मोठा फ्लेक्सएवढा पुठ्ठ्याचा चेक दिला, फोटो झाले, आणि खरा चेक काही आला नाही. पोरं अजून तो पुठ्ठा घरी ठेवून आहेत, एकाने त्याच्या मागे टाइमटेबल लिहिलंय.

बाकी हद्दीचं मला काही कळत नाही. मला सकाळी साडेपाच ते आठ एक सपाट जमीन पाहिजे जिच्यावर लग्नाचा मांडव नसेल, प्रदर्शनाचे गाळे नसतील आणि चारचाकी शिकणारे नसतील. ती कुठल्या प्रभागात आहे याने मला घंटा फरक पडत नाही.

धावती_आजी

कोच सर, मांडवाचं अगदी बोललात. खड्डे खणतात आणि तसेच सोडून जातात, पाय मुरगळला की सीझन गेला.

तर्री_कमी

पुठ्ठ्याच्या मागे टाइमटेबल 😂 पोरगं पुढे जाणार.

नकाशेवाला

कोच साहेबांनी जे लिहिलंय तिथेच मला यायचं होतं. जमीन. धागा प्रभागाच्या रेषेभोवती फिरतोय पण मैदानाचा जीव ज्या रेषेत आहे ती प्रभागाची नाही, विकास आराखड्याची, म्हणजे डीपीची. प्रभागाची रेषा हलली तरी मैदान जागेवरच राहतं. डीपीतला हिरवा तुकडा हलला की मैदान गेलं.

नाशिकचा सध्याचा डीपी २०१७ च्या सुरुवातीला मंजूर झाला. त्यात खेळाच्या मैदानांची आरक्षणं आहेत, बरीचशी खाजगी जमिनींवर. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ असं सांगतं की आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन घेतली नाही किंवा घ्यायची कार्यवाही सुरू झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही तर आरक्षण गेलं, जमीन मालकाला बांधायला मोकळी. आता २०१७ मध्ये १० मिळवा. बरोबर ज्या वर्षी सगळे जनगणना, कुंभमेळा आणि हद्दींवर बोलत असतील त्याच वर्षी ही मुदत संपते.

मालकांवर माझा राग नाही. दहा वर्षं जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत हा त्याच्यावर अन्यायच आहे, टीडीआर (पैशाऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क) सगळ्यांना परवडतो असं नाही. पण पालिकेने कुठलं मैदान आधी घ्यायचं याची यादी करून पैसे ठेवले नाहीत तर एकेक नोटीस येत जाते आणि एकेक मैदान जातं, आवाजही होत नाही.

आणि गोदाकाठचा, तुम्ही विचारलंत ना सभागृहातली चर्चा फुकट का. इथे ती फुकट नाही. आरक्षण बदलायचं किंवा उठवायचं असेल तर कलम ३७ खालचा फेरबदलाचा प्रस्ताव महासभेपुढे येतो. प्रभागाच्या हद्दीवर नगरसेवकाला मत नाही, पण मैदानाच्या आरक्षणावर मत आहे. महासभेचं डॉकेट, म्हणजे विषयपत्रिका, हातात आलं की अभिनंदनाचा ठराव कुणाचा हे सगळे वाचतात, सर्व्हे नंबर लिहिलेला रुक्ष विषय कुणी वाचत नाही.

गोदाकाठचा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. ट्रॅकवर उद्या बोलतो. म्हणजे ज्या सभेत एका पोरीला हार घातला त्याच सभेत तिच्यासारख्यांच्या मैदानाचं आरक्षण उठू शकतं आणि ती टाळ्या घेऊन खाली उतरलेली असेल?

नकाशेवाला

कायद्याने काहीच अडचण नाही त्यात.

विदर्भी_वाघीण

खतरनाक.

जेलरोडकर

मग सत्काराचा विषय शेवटी घ्या. आधी आरक्षणाचे विषय, खेळाडूंना आणि त्यांच्या आईबापांना गॅलरीत बसवून. बघू कोण हात वर करतो ते.

आडगावची_सून

जेलरोडकर, आयडिया भारी आहे पण पोरांना तेवढा वेळ शाळा बुडवून बसवायचं का? सभा किती लांबतात माहितीये ना.

सहावी_स्कीम

पोरं नको, कोच आणि पालक बसतील. आणि प्रत्येक विभागातून दोघांनी डॉकेट वाचायचं वाटून घेऊ, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम. सिडकोचं मी घेतो.

पाटाच्या_पाण्यावर

आमच्या मालेगावला पण महापालिका आहे बरं का, आम्हाला पण शिकवा.

कोच_साहेब

नकाशेवाला साहेब, एक अडाणी प्रश्न. आम्ही ज्या मोकळ्या जमिनीवर प्रॅक्टिस करतो ती डीपीत मैदान आहे का नुसतीच कुणाचीतरी रिकामी पडलेली आहे हे कसं कळणार? बोर्ड तर काहीच नाही.

नकाशेवाला

अडाणी काय त्यात, हाच पहिला प्रश्न आहे. आधी त्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर शोधा, शेजारच्या सोसायटीच्या कागदावर बघा, लगतचा नंबर मिळतो. तो घेऊन नगररचना विभागात अर्ज करा, झोन दाखला (जमीन डीपीत कशासाठी आहे ते सांगणारा) आणि पार्ट प्लॅन (तेवढ्या भागाचा नकाशा) दोन्ही मागा, नुसता दाखला घेऊ नका कारण नकाशावर आरक्षणाची हद्द कुठून कुठे जाते ते पार्ट प्लॅनमध्येच दिसतं. फी किरकोळ असते. मैदान निघालं तर पुढचा अर्ज माहिती अधिकारात, ती जमीन ताब्यात आहे का, नसेल तर कलम १२७ ची नोटीस आली आहे का आणि कुठल्या तारखेला. तारीख महत्त्वाची, २४ महिने तिथून मोजतात.

कोच_साहेब

गट नंबर शेजारच्या रसवंतीवाल्याला माहीत असेल, जमीन मालकाकडून तोच भाड्याने घेतो. उद्या विचारतो आणि इथेच टाकतो.

तर्री_कमी

रसवंतीवाल्याला मैदान करायचंय म्हणून सांगू नका फक्त.